व्हॅन गॉगचे गुलाब पांढरे कसे झाले?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये व्हॅन गॉगचं एक चित्र आहे : हिरवट पार्श्वभूमीवर गच्च भरलेले पांढरे गुलाब. पण त्याने ते पांढरे रंगवलेच नव्हते. मे १८९० मध्ये, सेंट-रेमीचं मनोरुग्णालय सोडण्याच्या सुमारास त्याने गुलाबांची दोन आणि आयरिसच्या फुलांची दोन चित्रं काढली. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात गुलाबांचा रंग स्पष्ट आहे : गुलाबी.

गुलाबीशेजारी हिरवा ठेवण्यामागे त्याचा हिशेब होता. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिलं होतं, की शेजारचा रंग बदलला की डोळ्याला तोच रंग वेगळा भासतो. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा अशा पूरक जोड्या तर एकमेकांना उठाव देतात. सरा, सिन्याक, व्हॅन गॉग या उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांनी या नियमावर भिस्त ठेवली.

घात केला तो रंगद्रव्याने. गुलाबीसाठी व्हॅन गॉग जेरेनियम लेक हा भडक लाल रंग वापरायचा. तो इओसिन या कृत्रिम रंजकापासून बनतो. बायोप्सीच्या काचपट्ट्या गुलाबी दिसतात त्या याच इओसिनमुळे. त्याचा रेणू प्रकाश शोषतो, त्या ऊर्जेने हळूहळू तुटतो आणि रंग उडतो. पांढऱ्यात थोडासाच मिसळला असेल, तर फार लवकर उडतो.

मात्र इओसिनच्या रेणूत ब्रोमीनचे अणू असतात आणि रंग गेला तरी चित्रात ब्रोमीनचा माग लागतो. क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर सोडतं. त्यावरून ब्रोमीनचा नकाशा काढला, की कोणत्या पाकळीवर लाल होता ते कळतं. मला या सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

आयरिसचंही तेच झालं. जांभळ्यातला लाल उडाला, निळा तेवढा उरला. एका चित्रातली गुलाबी पार्श्वभूमी आज जवळजवळ पांढरी आहे. दुसऱ्यात पिवळ्यासमोर जांभळा अशी टक्कर त्याला हवी होती. आता पिवळ्यासमोर निळा दिसतो.

सराचं नशीबही असंच. ‘ला ग्रांद जात’ या त्याच्या प्रचंड चित्रातले झिंक यलोचे ठिपके काही वर्षांतच तपकिरी पडले. व्हॅन गॉगच्या क्रोम यलोमधलं क्रोमियमही प्रकाशात बदलतं आणि पिवळा काळवंडतो.

व्हॅन गॉगला हे रंग टिकाऊ नाहीत याची कल्पना होती. काळ त्यांना सौम्य करणारच, म्हणून ते आधीच भडक लावावेत, असं त्याने थिओला लिहिलं होतं. हा निष्काळजीपणा नव्हे. त्याला हवा तो लखलखीत गुलाबी दुसऱ्या रंगातून मिळत नव्हता.

या गुलाबांवर नव्याने गुलाबी चढवायला कोणी धजावत नाही, आणि ते योग्यच आहे. कुंचल्याचे जाड फटकारे अजून त्याच्याच हातचे आहेत. मेट्रोपॉलिटनने २०१५ मध्ये ही चारही चित्रं एकत्र मांडली, तेव्हा मूळ रंगांचा अंदाज संगणकावर तयार करून दाखवला.