अर्धी भरलेली बॅटरी लाइट का बंद पाडते?

लग्नसराईत नागपुरात रात्रीची वरात निघते, शूटिंगवाल्याचा मदतनीस एलईडी लाइट उंच धरून पुढे चालतो, आणि नेमका नवरदेव मांडवाच्या दारात पोचताना लाइट विझतो. बॅटरीवरचे चारपैकी दोन दिवे अजून पेटलेले असतात. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) ५० टक्क्यांवर आणला की त्याच बॅटरीवर लाइट पुन्हा सुरू होतो. 'बॅटरी डुप्लिकेट निघाली' असा निकाल लगेच दिला जातो. पण अस्सल बॅटरीही जुनी झाली की अशीच वागते. याचं उत्तर शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात (व्होल्ट = प्रवाह × रोध) आहे.

त्याआधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. मोठ्या अक्षरात छापलेले एमएएच (मिलीअँपिअर-तास) व्होल्ट कळल्याशिवाय निरुपयोगी आहेत. २०,००० एमएएचची पॉवर बँक आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे ७४ वॅट-तास ऊर्जा (एमएएच × व्होल्ट ÷ १०००). एनपी-एफ ९७० या प्रकारची कॅमेरा बॅटरी ६,६०० एमएएच, ७.४ व्होल्ट, म्हणजे सुमारे ४९ वॅट-तास. एमएएच तिप्पट, ऊर्जा मात्र दीडपटच. ६० वॅटचा लाइट पूर्ण उजेडात दोन तास हवा असेल तर १२० वॅट-तास, आणि परिपथातल्या गळतीसाठी वर २० टक्के धरा. आकडा खरा आहे का, ते वजनकाट्यावर कळतं. लिथियम-आयन सेल एका किलोत साधारण २५० वॅट-तास साठवतात. त्यामुळे ७४ वॅट-तासांसाठी नुसते सेलच ३०० ग्रॅमच्या आसपास भरतात. अख्खी पॉवर बँक २०० ग्रॅमची असेल तर छापलेला आकडा खोटा. १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेलवर ९,९०० एमएएच छापलेले असतात, तीही शुद्ध फसवणूक; या मापाचा चांगला सेल साधारण ३,५०० पर्यंतच जातो.

आता मूळ प्रश्न. प्रत्येक बॅटरीच्या आत थोडा रोध असतो. ती जुनी झाली, संपर्कपट्ट्या मळल्या की तो वाढतो. समजा ७.४ व्होल्टच्या बॅटरीचा एकूण रोध ०.२ ओहम आहे. लाइटला ३० वॅट हवे असतील तर ४.६ अँपिअर प्रवाह वाहतो, ०.९ व्होल्ट आतच खर्च होतात आणि लाइटपर्यंत ६.५ पोचतात. ठीक चालतं.

आता डिमर पूर्ण उघडा: ६० वॅट. उजेड स्थिर ठेवायचा म्हणून लाइटमधला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) ठरलेले वॅट ओढतच राहतो. व्होल्ट घसरले की तो जास्त अँपिअर मागतो. जास्त अँपिअरमुळे व्होल्ट आणखी घसरतात. मग तो आणखी मागतो. गणित केलं तर हे १२ अँपिअरवर थांबतं आणि बाहेर फक्त ५ व्होल्ट उरतात. पण त्याआधीच, ६ व्होल्टच्या आसपास, संरक्षक सर्किट लाइट बंद करतं. आतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे उजेड दुप्पट मागितला तर ती ४ वॅटवरून जवळपास २९ वर जाते. ऊर्जा शिल्लक असते, ती त्या वेगाने बाहेर काढता येत नाही.

म्हणून बॅटरी घेताना आत किती सेल आहेत ते विचारा. एनपी-एफ ५५० या छोट्या बॅटरीत २, एफ ९७० मध्ये ६, आणि ९९ वॅट-तासांच्या व्ही-माउंटमध्ये (व्ही आकाराच्या खाचेत बसणारी मोठी कॅमेरा बॅटरी) बहुधा ८. ६० वॅटचा भार वाटला तर प्रत्येक सेलवर अनुक्रमे ३०, १० आणि ७.५ वॅट येतात. दर सेलला १० वॅटच्या आत राहा. सेल मालिकेत जोडले की समांतर, याने एकेका सेलवरचा भार बदलत नाही. मात्र व्ही-माउंटच्या १४.८ व्होल्टमुळे वायर आणि पट्ट्यांमधला प्रवाह निम्मा होतो, आणि त्या बऱ्याच कमी तापतात.

पॉवर बँकेवर लाइट चालवायचा तर तिच्यावरच्या पीडीच्या (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) यादीत '२० व्होल्ट, ३ अँपिअर' लिहिलेलं हवं. २० व्होल्टपुढे १.५ असेल तर ३० वॅटच मिळतील. ६० वॅटच्या पुढे केबलही ५ अँपिअरची, चिप असलेली लागते. साधी केबल लावली तर ३ अँपिअरच्या वर काही मिळत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो, आणि बहुतेक लिथियम सेलची चार्जिंगची मर्यादाही ४५ अंशच असते. उन्हात उभ्या गाडीत चार्जिंग अजिबात नको. शूटिंगहून आल्यावर बॅटरी आधी थंड होऊ द्या, आणि बिनकामाच्या महिन्यांत निम्मी भरूनच ठेवा. नवी बॅटरी आठ तास चार्जिंगला लावा, पूर्ण संपवूनच पुन्हा भरा, हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला पूर्ण रिकामं करणं उलट अपायकारक ठरतं.

विमानाने न्यायची असेल तर सुटी बॅटरी नेहमी केबिनमधल्या बॅगेतच, टोकांवर टेप लावून. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची लागते. बाजारात इतक्या व्ही-माउंट ९८-९९ वरच थांबलेल्या दिसतात त्या यामुळेच.