छपरावर चढायच्या आधी दोरी मोजा

मे संपत आला की मुंबईत बैठ्या चाळींमध्ये, कोळीवाड्यांत, जुन्या वाड्यांमध्ये सगळीकडे एकच घाई, छप्पर बघून घ्या, कारण मुंबईत पाऊस यायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मग कुणी कौलं परतायला चढतं, कुणी पत्र्याच्या हुकाला डांबर लावायला, आणि खालून घरातले ओरडत असतात, "सांभाळून रे!" काळजीपोटीच ओरडतात, पण नुसतं सांभाळून भागत नाही, आणि ते का ते साध्या गणितातून कळतं.

समजा पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, ३० अंश उताराचं आहे. त्यावर उभ्या असलेल्या ७० किलोच्या माणसाला त्याच्या निम्म्या वजनाइतकं, म्हणजे ३५ किलोचं बळ सतत खाली ओढत असतं आणि त्याला थोपवतं ते फक्त सोल आणि कौल यांच्यातलं घर्षण. त्यासाठी घर्षणांक किमान ०.५८ लागतो. कोरड्या, खडबडीत कौलावर रबरी सोलला तो सहसा मिळतो, पण ओलं शेवाळ आलं की एकदम खाली येतो, मे महिन्यातली सुकी धूळसुद्धा पायाखाली सरकते. आणि एकदा पाय सुटला की सरकतानाचं घर्षण आधीपेक्षाही कमी असतं, त्यामुळे मध्येच थांबणं जवळपास होत नाही. निसरड्या पाख्यावर तीन मीटर सरकायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, पुढे वळचणीवरून चार मीटर खाली पडायला आणखी सेकंदभरसुद्धा नाही, आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. एवढ्या वेळात हात काय पकडणार!

सिमेंटच्या पत्र्याचा धोका वेगळाच आहे. तिथे माणूस कडेवरून नाही, मधूनच खाली जातो. लोखंडी पत्रा निदान वाकतो, आवाज करतो, सिमेंटचा पत्रा काहीच इशारा न देता थेट फुटतो. त्यात पाय हळू टेकवला तर भार ७० किलो, पण एकदम टाकला तर क्षणभर दुप्पट होतो. जुने लोक सांगतात हुकाच्या लाइनीवरून चाल, खाली पत्रा पेलणारा लोखंडी अँगल असतो. खरंय, अँगल असतो, पण तो जेमतेम दोन-तीन इंच रुंद आणि तोल गेला तर धरायला काही नाही, म्हणून माझ्या मते हा सल्ला आता बंदच करायला हवा. दोन-तीन अँगलवर टेकेल एवढी लांब, रुंद फळी टाकायची, ती सरकू नये म्हणून बांधायची आणि फक्त तिच्यावरूनच फिरायचं. आणखी एक, उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा काही वर्षांत धूळ आणि शेवाळाने बाकीच्यांसारखाच काळा पडतो, वरून ओळखूच येत नाही. म्हणून आधी घरात उभं राहून वर बघा, कुठून उजेड येतोय ते हेरा आणि त्या जागा वर गेल्यावर खडूने मार्क करा.

आता पट्टा. कमरेचा बेल्ट नको, झटका सगळा पोटावर आणि मणक्यावर येतो, पूर्ण अंगाचा हार्नेसच घ्या. पण तोही घालून काम झालं असं समजू नका, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. बाजारातल्या हार्नेसची दोरी साधारण दोन मीटर, झटका शोषणारी पट्टी उलगडून पावणेदोन मीटरपर्यंत वाढते, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर मीटरभर मोकळी जागा, म्हणजे हुक पायाशी अडकवला असेल तर खाली सहा मीटरच्या वर जागा पाहिजे. चाळीच्या छपराची वळचण असते तीन-चार मीटरवर! दोरी ताणून पकडायच्या आत माणूस जमिनीवर. म्हणून बैठ्या घरावर दोरी इतकी आखूड ठेवायची की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. ती यायला हवी आढ्यावरून, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेवरून, जिथे काम चाललंय त्याच्या बरोब्बर वर, नाहीतर घसरल्यावर माणूस झोपाळ्यासारखा बाजूला फेकला जातो. आणि पडतानाचा झटका पट्टी असूनही ६०० किलो वजनाइतका असू शकतो, तेव्हा डिशचा पाइप, रीप (कौलांखालची लाकडी पट्टी), टाकीचा नळ असल्या गोष्टींना दोरी बांधूच नका. घराच्या पलीकडच्या बाजूचा पक्का खांब शोधून त्याला बांधा, दोरी आढ्यावर जिथे घासते तिथे गोणपाट घाला.

शिडीचा नियम सोपा आहे, चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट लांब, वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर काढून बांधलेलं. जवळून विजेची वायर जात असेल तर अॅल्युमिनियमची शिडी अजिबात नको.

खरं तर एखाददुसरं मंगलोरी कौल फुटलं असेल तर वर जायची गरजच नसते. ही कौलं रिपांवर नुसती अडकवलेली असतात, घरातून लाकडी घोड्यावर (उंच स्टँडवर) उभं राहून खालूनच उचलून बदलता येतात. आणि जुलैत मध्यरात्री धो धो पावसात गळायला लागलं तर खाली बादली ठेवा, सामान सरकवा, पाऊस थांबून छप्पर वाळेपर्यंत वर कुणालाही चढू देऊ नका, कितीही अनुभवी असला तरी.