ऋषिकेशचा गोटा आणि आमचा चिरा

मे महिन्यात आईला घेऊन ऋषिकेशला गेले होते, रामझुल्याच्या खाली गंगेत पाय घातला आणि लगेच बाहेर काढला, एवढं गार पाणी! वर ऊन रणरणतंय आणि नदीत वितळलेला बर्फ. आपल्या गोव्याच्या मांडवी नदीत मे महिन्यात भरतीचं कोमट, खारट पाणी असतं, त्याची सवय असलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही.

पण मी रमले ती नदीतल्या दगडगोट्यांत. पांढरे, राखाडी, हिरवट, काही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि सगळे कसे गुळगुळीत. आईने विचारलं, हे इथल्याच डोंगराचे का गो? सगळे नाहीत. त्यातले बरेच खूप वरून आलेत, काही गंगोत्रीच्या बाजूने भागीरथीतून, काही बद्रीनाथ-केदारनाथच्या बाजूने अलकनंदेतून, आणि देवप्रयागला दोन्ही नद्या एक झाल्या की तिथून पुढे सगळे एकत्र. पट्टेवाला गोटा तर जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल, उष्णतेने आणि दाबाने तयार झालेला खडक आहे. डोंगर वर उचलला गेला, वरचं सगळं झिजून गेलं, तेव्हा कुठे तो उघड्यावर आला.

आता ते नेमके इथेच का साचतात? भागीरथी जिथून निघते ते गोमुख साधारण 4000 मीटर उंचीवर आणि ऋषिकेश 350 मीटरच्या आसपास, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आत नदी साडेतीन हजार मीटरहून जास्त खाली उतरते! आणि इथून समुद्रापर्यंत दोन हजार किलोमीटरहून जास्त वाट, त्यात उतार फक्त उरलेल्या 350 मीटरचा. वर एवढ्या जोरात धावणारी नदी सपाटीला लागली की तिचा जोर कमी होतो, मग जड गोटे पहिले खाली बसतात, वाळू पुढे जाते आणि बारीक गाळ तर पार बंगालपर्यंत पोचतो. हरिद्वारला मनसादेवीचा डोंगर चढाल तर तो शिवालिकचा डोंगर म्हणजे जुन्या नद्यांनी हिमालयातून आणून टाकलेला असाच माल आहे, नंतर दाबाने वर उचललेला.

आणि आपला चिरा, म्हणजे घरं बांधतात तो लाल दगड बघा, तो कुठून वाहून आलेला नाही. धो धो पाऊस आणि गरमी, त्यात मूळ खडकातलं बरंचसं विरघळून गेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तर तो लाल. खालचा खडक तर फारच जुना, अनमोड घाटातले काही खडक 300 कोटी वर्षांहून जुने आहेत आणि हिमालय उभा राहायला लागून जेमतेम 5 कोटी वर्षं झाली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. हा हिमालय ढकलतंय कोण, तर ज्या प्लेटवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या ज्या प्रचंड तुकड्यावर, आपला गोवा आहे तीच. ती वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते, त्यातले साधारण 2 सेंटीमीटर हिमालयात दाबले जातात, म्हणजे गोवा आणि तिबेट दर वर्षी तेवढे जवळ येतायत. तो दाब खडकांत साठत राहतो आणि कधीतरी भूकंपात मोकळा होतो, 1991 साली उत्तरकाशीला झाला तसा. अशा वेळी कडे कोसळतात, नदीत नवे धारदार दगड पडतात, आणि पुराच्या पाण्यात आपटत, घासत, गोल होत ते ऋषिकेशच्या वाटेला लागतात.