इंजिनाला ‘बॅक प्रेशर’ लागतोच का?

गाडीला मोकळा एक्झॉस्ट हेडर (सिलिंडरांमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवला की बॅक प्रेशर कमी होतो आणि त्यामुळे कमी वेगावरची ताकद जाते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ताकद कमी झाल्याचा अनुभव अनेकदा खरा असतो. चूक आहे ती त्याच्या कारणात.

बॅक प्रेशर म्हणजे जळालेला वायू बाहेर पडताना त्याला होणारा अडथळा, आणि तो ढकलण्यात इंजिनाची शक्तीच खर्च होते. उपयोगी पडतो तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच वेगाने निघालेल्या झोतामागे कमी दाब तयार होतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना तो उरलेला वायू ओढून घेतो व ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करतो. नळ्या गरजेपेक्षा रुंद असल्या की कमी आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) हा वेग मंदावतो, ओढ घटते आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, कमी होतो.

पडताळणी सोपी आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून दाब नोंदवावा आणि हेडर बदलण्यापूर्वी व नंतर, शक्यतो सारख्याच हवामानात, त्याच डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र) टॉर्कचा आलेख काढावा. इंधनमिश्रण दोन्ही वेळा तपासावे, कारण बिघडलेल्या मिश्रणाचा दोषही हेडरवर येतो.

बजेट मर्यादित असेल तर चकाकीपेक्षा नळीचा आतील व्यास, जाड फ्लँज (हेडर इंजिनाला जोडणारी पट्टी) आणि सलग वेल्डिंग यांवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते. रोजच्या वापरातील चार सिलिंडरच्या गाडीला मधल्या आरपीएमवर साधारणपणे ४-२-१ रचना (चार नळ्या आधी दोनांत, मग एकात मिळतात) अधिक मानवते.