फॉन्डंट सजावटीची चकाकी

केकवर बसवायची फॉन्डंटची फुले, पाने, फळे, दागिने व बाहुल्या यांच्यावरची पिठी काढून त्यांना नितळ, आणि हवे तिथे चकचकीत, रूप देण्याची क्रिया. फॉन्डंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन आणि जिलेटिन किंवा वनस्पतिजन्य डिंक मळून केलेला कणकेसारखा गोळा. नाव मूळ फ्रेंच, अर्थ ‘वितळणारा’.

साखरेचे अलंकार खानदेशाला नवे नाहीत. होळीच्या आधी इथल्या बाजारांत साच्यात पाक ओतून केलेले हार-कंगण टांगलेले दिसतात. त्यांची शोभा शुभ्र, दाणेदार अंगात असते. फॉन्डंटला मात्र दाणा दिसणे हाच दोष.

हा दोष येतो पोळपाटावरून. गोळा चिकटू नये म्हणून लाटताना कॉर्नफ्लोअर किंवा पिठीसाखर भुरभुरावी लागते आणि तीच पाकळ्यांच्या घड्यांत, पानांच्या शिरांत बसून राहते. पांढऱ्या गुलाबावर ती लपते. लाल, काळ्या, गडद हिरव्या रंगावर राखेसारखी उठून दिसते. चकाकी म्हणजे गुळगुळीत पृष्ठावरून एकसारखा परतणारा प्रकाश. पिठीचे कण तो विखुरतात. म्हणून आधी सफाई, मग चकाकी, हा क्रम कधीही मोडू नये. पिठीवरच ग्लेझ, म्हणजे चकाकीचा पातळ थर, फासला तर पांढरे डाग आत कायमचे कोंडले जातात. सजावट थोडी सुकली की मऊ, पूर्ण कोरड्या ब्रशने कोपरे झाडावेत. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मे काम होते.

उरलेल्या पिठीसाठी व्होडकासारखे रंगहीन मद्य ब्रशने पुसटसे फिरवतात. साखर मद्यार्कात जवळजवळ विरघळत नाही आणि मद्यार्क पाण्यापेक्षा लवकर उडतो, त्यामुळे पृष्ठ ओले राहत नाही. ज्या घरांत मद्य चालत नाही, तिथे वनस्पती तुपाचा अगदी पातळ हात बोटाने फिरवला की पिठी मुरते आणि मंद तकाकी येते. हात जड झाला तर मात्र तेलकट डाग पडतात.

वाफ हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत देखणा उपाय. कपड्यांचा हातातला स्टीमर वीतभर अंतरावरून दोन-तीन सेकंद फिरवायचा. वरची साखर जरा विरघळते, पिठी तिच्यात नाहीशी होते आणि वाळल्यावर रेशमी झळाळी उरते. ओले असताना हात लावला की बोटाचा ठसा राहतो. कुकरच्या शिटीखाली सजावट धरू नये. वाफेबरोबर येणारे पाण्याचे थेंब फॉन्डंटला खड्डे पाडतात.

काचेसारखा झगमगाट हवा असेल तर कॉर्न सिरप व व्होडका समप्रमाणात मिसळून लावतात. तो थर बराच काळ चिकट राहतो. त्याहून टिकाऊ म्हणजे खाद्य लाखेचा ग्लेझ. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. त्याचा ब्रश पाण्याने निघत नाही, मद्यार्कातच धुवावा लागतो. लाख कीटकजन्य असल्याने काटेकोर शाकाहारी गिऱ्हाइकाला हे आधी सांगणे आवश्यक आहे. सुतारकामाचे लाख-पॉलिश केकवर कदापि वापरू नये.

खानदेशात पद्धत ऋतू पाहून निवडावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या कोरड्या हवेत लाटलेला फॉन्डंट पाहता पाहता सुरकुततो, तेव्हा तुपाचा हात बरा. त्याच दिवसांत घराघरांत कूलर चालतो आणि सगळी चूक तिथे होते: कूलरची हवा थंड असली तरी दमट असते, तिच्यासमोर ठेवलेली सजावट चिकट होते. पंख्याची खोली त्यापेक्षा चांगली. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला घाम सुटतो. तो पुसू नये, तसाच वाळू द्यावा. पावसाळ्यात सिरपचा थर वाळतच नाही, म्हणून लाखेचा ग्लेझ घ्यावा. तो ओलावाही अडवतो.

सगळीकडे सारखी चकाकी दिली की सजावट प्लास्टिकची वाटते. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचा घड घडवायचा असेल, तर फळ मंद आणि पान वरच्या बाजूने तुकतुकीत हवे. त्याच वर्षी मानांकन मिळालेले भरताचे वांगे याच्या उलट: त्याची फिकट हिरवी साल शेतातच आरशासारखी चमकते. तिला लाखेचे तीन हात द्यावेत. देठ आणि त्याखालची टोपी मात्र कोरडीच ठेवावी.