भाचा, पुतण्या आणि वाय गुणसूत्र

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लग्नसराई आली की एक जुना मेसेज नव्याने उगवतो. गोत्र म्हणजे मूळ ऋषीचं वाय गुणसूत्र, सगोत्र लग्न केलं की ते क्षीण होतं, आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. यंदा तो धाकट्या काकांनी टाकला आणि खाली चौदा जणांनी हात जोडले.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. आईकडे ते नसतंच. मग बायको कोणत्या गोत्रातून आली याने त्या वायला काय फरक पडणार? जवळच्या नात्यातल्या लग्नात धोका असतो हे खरं, पण तो उरलेल्या गुणसूत्रांमुळे. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं म्हणून ते लग्न आपल्याकडे अनेक घरांत चालतं. तिच्याशी सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. सात पिढ्यांपलीकडच्या सगोत्र मुलीशी त्याच्या पासंगालाही पुरेल एवढंसुद्धा साम्य नसतं. शिवाय दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र एका विधीत बदलतं, वाय बदलत नाही. ज्याला गोत्र माहीत नाही त्याला काश्यप लावून संकल्प सोडायची आपली सोय तर सगळ्यांनाच माहीत आहे.

तरीही वाय गुणसूत्राने पूर्वजाचा बाप शोधता येतो का? येतो, थोडाफार. त्याचं माझं सर्वांत आवडतं प्रकरण अमेरिकेतलं आहे.

थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या व्हर्जिनियातल्या माँटिचेलो या मळ्यावर सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. तिच्या मुलांचे बाप जेफरसनच आहेत, असं १८०२ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आलं. जेफरसन यांनी त्यावर जाहीरपणे काही म्हटलं नाही. मळ्याच्या वहीत गुलामांची मुलं आईच्या नावाखाली मांडलेली आहेत. मूल गुलाम की मुक्त हे कायद्याने आईवरून ठरत असल्याने बापाचं नाव लिहायची कुणाला गरज नव्हती. सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात आपला बाप जेफरसन असल्याचं सांगितलं. जेफरसन यांची नातवंडं मात्र सांगत आली की हे काम त्यांच्या भाच्यांचं, पीटर आणि सॅम्युअल कार यांचं.

भाचे. हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. इंग्रजीत बहिणीचा मुलगा आणि भावाचा मुलगा यांना एकच शब्द आहे. मराठीत भाचा वेगळा आणि पुतण्या वेगळा, आणि वाय गुणसूत्र अगदी मराठीच बोलतं. पुतण्याकडे काकाचं वाय असतं. भाच्याकडे मामाचं नसतं, त्याच्या स्वतःच्या बापाचं असतं. म्हणजे कार बंधूंचं वाय कार घराण्याचं. तेव्हा सॅलीच्या मुलाच्या पुरुष वंशजाचं वाय तपासलं, तर मामा की भाचा हा प्रश्न सुटू शकतो.

अडचण एवढीच की जेफरसन यांचा लग्नसंबंधातला एकही मुलगा जगला नाही. म्हणून शार्लट्सव्हिलचे निवृत्त पॅथॉलॉजिस्ट यूजीन फॉस्टर यांनी वळसा घेतला. जेफरसन यांचे चुलते फील्ड यांचे, मुलग्याचा मुलगा अशा अखंड ओळीतले पाच वंशज त्यांनी गाठले. कार बंधूंच्या आजोबांचे तसेच तीन. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, जन्म १८०८, त्याचा एक. आणि आपला मूळ पुरुष टॉमस वुडसन हा सॅलीचाच थोरला मुलगा, असं सांगणाऱ्या घराण्यातले पाच. रक्ताचे नमुने घेऊन फॉस्टर ऑक्सफर्डला गेले.

आता त्यांत नेमकं काय तपासलं ते सांगतो. हा भाग मला फार आवडतो, तेव्हा थोडं सोसा. बाकीची गुणसूत्रं प्रत्येक पिढीत जोडीदाराशी तुकडे अदलाबदल करतात. वायचा बहुतांश भाग तसं करत नाही, तो जसाच्या तसा उतरवला जातो. त्यात काही जागी डीएनएची तीच चार-पाच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. रामनामाची वही लिहिणारी आजी आठवा. एका ओळीत पंधरा वेळा ‘श्रीराम’ लिहायचं. एवढं एकसारखं लिहिताना एखाद्या ओळीत चौदा होतात, एखादीत सोळा. शब्द चुकत नाही, मोजणी चुकते. डीएनएची नक्कल करणारं विकरही (एन्झाइम) अशा जागी तसंच घसरतं, आणि बदललेली मोजणी पुढच्या सगळ्या मुलग्यांकडे जाते. एका जागी अशी चूक होण्याचं प्रमाण ढोबळमानाने पाचशे पिढ्यांत एकदा. या तपासणीत अशा अकरा जागा मोजल्या. म्हणजे अकरांपैकी कुठेतरी एक घसरण सुमारे पंचेचाळीस पिढ्यांत एकदा. फील्डच्या पाच वंशजांच्या ओळी मिळून बाप ते मुलगा अशा तीसेक नकला झाल्या असं धरलं, तर त्या पाच जणांत एखादा फरक दिसला तरी बिघडत नाही. आणि तसंच दिसलं: पाचांपैकी एकाची एकाच जागची मोजणी वेगळी, बाकी सगळं जुळलेलं. या अकरांखेरीज सात जागा अशा घेतल्या की जिथलं अक्षर हजारो वर्षांत एखाद्या वेळीच बदलतं, आणि एक लांबलचक, फार वेगाने बदलणारी जागा. एकूण एकोणीस.

एस्टनच्या वंशजाचं वाय फील्डच्या वंशजांशी जुळलं. कार मंडळींचं कुणाशीच जुळलं नाही, त्यामुळे एस्टनपुरते भाचे सुटले. वुडसन घराण्याचंही जुळलं नाही. ५ नोव्हेंबर १९९८च्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे छापलं गेलं आणि मथळा होता, जेफरसन हेच गुलाम स्त्रीच्या शेवटच्या मुलाचे बाप.

मथळा जरा पुढे पळाला. वाय गुणसूत्राचं ‘नाही’ ठाम असतं, ‘हो’ मोघम असतं. जेफरसन यांचा धाकटा भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगे, म्हणजे पुतणे, यांचंही वाय तेच. पुढच्या जानेवारीत याच मुद्द्यावर पत्रं आली आणि फॉस्टर यांनी मथळा दिशाभूल करणारा असल्याचं मान्य केलं. इथून पुढचं काम रक्ताचं नाही, वह्यांचं. जेफरसन रोजच्या खर्चाच्या आणि प्रवासाच्या नोंदी ठेवत, त्यामुळे ते कुठल्या दिवशी कुठे होते हे कळतं. पदांवर असताना ते कित्येक महिने माँटिचेलोबाहेर असत. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्मतारखेपासून नऊ महिने मागे मोजलं, की त्या काळात ते दर वेळी घरी सापडतात. रँडॉल्फला ऑगस्ट १८०७ मध्ये, म्हणजे एस्टनची गर्भधारणा झाली त्या सुमारास, पाठवलेलं बोलावणं हाती आहे, तो आल्याची नोंद नाही. माँटिचेलो चालवणाऱ्या संस्थेने २००० साली सगळं जमेस धरून एस्टनचे बाप बहुधा जेफरसनच, असा निष्कर्ष काढला. काही इतिहासकारांना तो आजही पटलेला नाही. मला पटतो, आणि तो नळीतल्या रक्तापेक्षा त्या तारखांमुळे अधिक.

हे वाय युरोपात दुर्मिळ आणि मध्यपूर्वेकडे जास्त आढळणाऱ्या गटातलं निघालं, तेव्हा जेफरसन मूळचे कुठले यावर बातम्यांना ऊत आला. मग २००७ मध्ये ब्रिटनमधल्या ८५ जेफरसन आडनावी पुरुषांची तपासणी झाली. दोघांचं वाय नेमकं तेच निघालं. म्हणजे घराणं इंग्लंडचंच असावं. आज थुंकी पाठवली की तुम्ही अमुक टक्के अमुक, असं सांगणारी पाकिटं विकली जातात. घेण्याआधी हे दोन जेफरसन आठवावेत.

एस्टनच्या घरात आणखी एक गंमत होती. त्याने पुढे जेफरसन आडनाव घेतलं, १८५२ मध्ये विस्कॉन्सिनला गेला आणि तिथे गोरा म्हणून राहिला. पुढच्या पिढ्यांना सांगितलं गेलं की आपण थॉमस जेफरसनच्या कुणा चुलत्याचे वंशज. वाय तपासलं तर ही कथाही खोटी ठरली नसती.

मॅडिसनचं काय? ज्याने सगळं उघड सांगितलं त्याच्या घराण्यात चाचणीला लागणारी मुलग्यांची अखंड ओळ उरलेलीच नाही. त्याचा मुलगा विल्यम कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या सैनिकी दफनभूमीत पुरलेला आहे. ती कबर उकरून हाडांतून वाय काढावं, अशी मागणी झाली. मॅडिसनच्या वंशजांनी नकार दिला.