धर्मसंकट की मोह?

कुठल्याही अडचणीत आपण पटकन म्हणतो, "धर्मसंकटच पडलंय बघ." निम्म्या वेळा ते धर्मसंकट नसतंच, साधा मोह असतो. अंगावर येताना दोन्ही सारखेच वाटतात. झोप उडते, मन दोन्हीकडं ओढ घेतं. पण जात वेगळी.

मोह ओळखायला कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दूध हातात देतात. पण घरोघरी रतीब घालणाऱ्याचं कॅन कुणी बघत नाही. उन्हाळ्यात म्हैस आटली, पेंड महागली, की तांब्याभर पाणी खुणावतं. घरची ओढाताण खरी असते, ती मी नाकारत नाही. तरी त्याला विचारलंत तर बरोबर काय हे तो क्षणात सांगेल. मोहात उत्तर माहीत असतं, फक्त ते परवडत नसतं.

धर्मसंकटात उत्तर माहीत असूनही सुटका नसते, कारण दोन्हीकडं कर्तव्यच उभं असतं. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 55 फूट 7 इंच गाठले. धोक्याची पातळी 43 फूट. चिखलीत आमच्या मामांच्या दारात बोट लागली. घरात आजी, गोठ्यात तीन म्हशी. पोटच्या पोरींसारख्या वाढवलेल्या. "म्हशी पोहतील, म्हातारी न्हाई पोहायची," म्हणत मामांनी विळ्यानं दावी कापली आणि आजीला उचलून बोटीत घेतलं. दोन म्हशी परत आल्या, एक आली नाही. मामांचं चुकलं असं गावात कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण तिसरा खुंटा मामा आजही उपटू देत नाहीत.

मला खरा फरक इथंच दिसतो. निवड झाल्यावर मागं काय उरतं? मोह टाळला तर चार पैसे कमी मिळतात, पण मन मोकळं असतं. धर्मसंकटात बरोबर वागूनही रुखरुख उरते. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी 1930 साली हेच मांडलं होतं: एका कर्तव्याला मागं सारलं म्हणून ते पुसलं जात नाही, त्याची भरपाई करण्याची जबाबदारी उरतेच.

महाभारताच्या कर्णपर्वात हे फार उघडं दिसतं. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचं डोकं उडवीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा; आणि तसं म्हणतो खुद्द युधिष्ठिर. अर्जुन तलवार उपसतो, तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. खरंच बोलायचं व्रत घेतलेल्या या तपस्व्यानं लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगितला, ती मारली गेली आणि तो नरकात गेला. मग तोड निघते: वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध. शब्द राहिला, भाऊ वाचला. तरी अर्जुनानं पुन्हा तलवार उपसली, या वेळी स्वतःवर.

गल्लत दोन्हीकडून होते. मोहाला धर्मसंकट म्हटलं की पाणी घालणाऱ्याला सबब मिळते. उलटी गल्लत मला जास्त टोचते. आजारी आईसाठी नोकरी सोडलेली मुलगी, किंवा नोकरीसाठी आईला गावी ठेवून पुण्याला गेलेली मुलगी. दोघींनाही आपण "स्वार्थी" नाहीतर "खुळी" म्हणून मोकळे होतो. त्यांच्या दारात बोट एकच आली होती.